चार बोटं पाणी

राहीबाई खोलीच्या आत आलीच नाही. उंबऱ्याबाहेर बसून तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "साहेब, माझ्या मालकाला सोडवा. त्यांनी न्हाई मारलं मास्तरांना."

खासगी तपास करणाऱ्या शामकांत चौथाईंनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. त्यांचा सोबती भिमाजी, पोलिसातून निवृत्त झालेला हवालदार, माठाकडं गेला. त्यानं दिलेला पेला तिनं दोन्ही हातांनी धरला आणि थेंबन् थेंब संपवला. त्र्याहत्तरचा चैत्र होता. जिल्हाभर माणसं पाणी असंच पीत होती.

गोष्ट राहुरीजवळची. निवृत्त हेडमास्तर यज्ञेश्वर मुळे बंगल्यामागं पोहण्याचा हौद बांधत होते. राहीबाईचा नवरा आसाराम त्या कामावरचा गवंडी. मंगळवारी चारच्या सुमारास त्याचं मास्तरांशी कडाक्याचं भांडण झालं. बुधवारी सकाळी मास्तर हौदाच्या तळाशी मेलेले सापडले, डोकं पायरीवर फुटलेलं. शेजारच्या सहादेवनं सांगितलं, पाच वाजता आसारामला मास्तरांना ढकलताना आपण पाहिलं. झालं, आसाराम कोठडीत.

"चैत्र-वैशाखात कसला हौद?" बसमध्ये भिमाजी कुरकुरला. "प्यायला न्हाई, आणि हे पोहणार!"

शामकांत खिडकीबाहेर बघत राहिले. शेतं उघडी पडली होती, एखाद्या घरातलं सामान अंगणात काढून ठेवावं तशी.

मास्तरांच्या पत्नी सुमेधाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "माझ्या गुडघ्यांसाठी बांधत होते हो. डॉक्टर म्हणाले, पाण्यात पाय हलवले तर चालाल."

"मंगळवारी तुम्ही कुठं होता?"

"दोनच्या गाडीनं संगमनेरला गेले, बहिणीकडं. निघाले तेव्हा हे त्या खुर्च्या खरवडत होते. जुन्या दाराच्या सागाच्या खुर्च्या, स्वतःच्या हातांनी केलेल्या. हौदाकाठी ठेवायच्या म्हणून नव्यानं व्हार्निश देणार होते. डबा उघडलासुद्धा नव्हता." त्या थांबल्या. "सकाळी आले तर हौदात... मी उठवायला गेले. धोतर खालून ओलं होतं. वरून कोरडं."

"रक्त असेल, बाई," भिमाजी हळूच म्हणाला.

त्यांनी मान हलवली. "रक्त लाल असतं ना."

मागं कडुनिंबाखाली दोन खुर्च्या होत्या. एक चकचकीत. दुसरीचे पाय आणि पाठ कोरडी, नुसती बैठक रंगवलेली. शेजारच्या टेबलावर धुळीचा थर होता, आणि खुर्च्यांवरही. शामकांतांनी रुमालानं चकचकीत खुर्ची पुसली. धूळ निघून गेली. मग त्यांनी बराच वेळ लाकडावर तळहात फिरवला.

"व्हार्निश वाळायला किती वेळ लागतो, भिमाजी?"

"रातभर तरी. ओलं असताना धूळ बसली तर आतच चिकटते, कायमची."

"इथं खरखर नाही. काचेसारखं आहे."

हौदात उतरल्यावर भिमाजीला गिलाव्यावर ओरखडे दिसले. अर्धचंद्रासारखे, एकाशेजारी एक, तळभर. "झटापट," तो म्हणाला.

"इतकी रांगेत?" भिंतीवर तळापासून चार बोटं उंचीवर राखी रेघ होती. शामकांतांनी तांब्याभर पाणी एका खळग्यात ओतलं. तासाभरानं बघितलं तर पाणी होतं तिथंच होतं.

चौकीत आसाराम गजाआडून म्हणाला, "संक्रांतीला खोदताना कोपऱ्यात झरा लागला हुता. दोनदा गिलावा फुगला. मास्तर म्हणायचे, तुझं काम खोटं. त्यावरनं भांडलो. शेवटी झरा बुजवला, सोमवारी गिलावा केला, आणि मंगळवारी चारला चार बोटं पाणी सोडून घरी गेलो."

"पाणी कशाला?"

"शिमिट पाण्यात मुरतं, तवा पक्कं हुतं. तीन दीस उभं ठेवायचं. फौजदार म्हणत्यात, हौद कोरडा हुता, तू खोटं बोलतोस. सायब, पाणी म्या सोडलं हुतं."

"आणि पाचला?"

सोबत आलेली राहीबाई मधेच बोलली. "खडीच्या कामावर टँकर आला हुता. हे माझ्यासंगं रांगेत. वावटळ उठली तरी कुणी रांग सोडली न्हाई. वावटळ सहाला बसली, अंधार पडेस्तवर आमी तिथंच. शंभर माणसं हुती. पर सहादेवदादा म्हणत्यात, पाचला बघितलं. त्यांचंच खरं धरलं."

सहादेवची वस्ती कुंपणाला लागूनच होती. चाळिशीचा, शांत माणूस. त्यानं घोंगडी अंथरली.

"बसा. पाचाच्या आसपास आसारामानं मास्तरांस्नी ढकललं. मग धूळ उठली आन् मी घरात शिरलो. पुन्हा तिकडं पाऊल टाकलं न्हाई."

"मदतीला गेला नाहीस?"

"त्यांची भांडणं रोजचीच. वाटलं, उठतील."

"एकटाच राहतोस?"

"मंडळी माहेरी गेली. पोरगी गेल्यावर." त्यानं गोठ्यापलीकडच्या विहिरीकडं पाहिलं. "तळाचं पाणी वाटीनं भराया उतरली हुती. दोर सुटला. मुक्ता नाव."

"विहीर कधी आटली?"

"संक्रांतीनंतर."

"टँकर किती देतो?"

"घरामागं दोन हंडे."

शामकांत उठून गोठ्यात गेले. गुरांच्या पाण्याची दगडी डोणी अर्धी भरलेली होती. दोन्ही बैल तिच्याकडं पाठ करून उभे होते. पाण्यावर राखी साय धरली होती. कडेला तोच रंग सुकला होता.

ते परत आले आणि घोंगडीवर बसले. राहीबाई दाराशी उभी होती.

"सहादेव, मास्तरांनी व्हार्निशचा डबा दोननंतर उघडला. वावटळीच्या आधी हात दिला असता, तर खुर्ची पॉलिशपेपरसारखी खरखरीत झाली असती. ती गुळगुळीत आहे. म्हणजे धूळ बसल्यावर, सहानंतर, मास्तर जिवंत होते आणि काम करत होते. दुसरी खुर्ची अर्धी असताना, उजेड होता तोवरच, कुणीतरी आलं. तेव्हा आसाराम शंभर माणसांत उभा होता. तू पाचला पाहिलंस ते घडलंच नाही."

सहादेवची नजर गोठ्याकडं गेली.

"मास्तर पडले ते पाण्यात. धोतर खालून भिजलं. भिंतीवर रेघ आहे. सकाळी हौद कोरडा. गळती नाही, मी पाहिलं. ते पाणी कुणीतरी वाटीनं खरवडून नेलं, कोवळ्या गिलाव्यावर वाटीच्या कडा उठल्या. तुझ्या डोणीत सिमेंटचं पाणी आहे. बैल ते पीत नाहीत."

भिमाजीच्या तोंडून निघालं, "पण कशापायी?"

"संक्रांतीला तिकडं खोदलं, झरा तोडला. पंधरवड्यात इकडची विहीर गेली. आणि विहिरीपाठोपाठ..."

"नका सांगू," सहादेव म्हणाला. "मीच सांगतो." तो आपल्या हातांकडं बघत होता. "मागाया गेल्तो. म्हणलं, मास्तर, हौदातलं तेवढं पाणी बैलांस्नी द्या. ते ब्रश फिरवत म्हणले, गिलाव्याला लागतं. बस, एवढंच. माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई, ढकललं. पाणी उडालं. ते दिसलं मला. लई दिसांनी."

सहादेवनं तळहात घोंगडीवर पुसले.

"खाली उतरलो ते त्यांस्नी उठवायलाच, देवाशप्पत. ते गेल्ते. आन् पाणी हुतं. ते तिथंच टाकून कसं यावं? घरून हंडा आन् वाटी आणली. त्यांच्या अंगाखालचं तेवढं राहिलं."

"आणि आसाराम?" शामकांतांनी विचारलं.

"वाटलं, सुटंल. मंग सुटंना."

भिमाजीला आठवत होते ते तीस वर्षांतले गुन्हेगार. त्यांतलं कुणीच याच्यासारखं दिसत नव्हतं. त्यानं दंड धरला नाही. नुसता हात पुढं केला.

सहादेव उठला, गोठ्यात गेला, बैलांची दावी सोडू लागला. गाठी घट्ट होत्या. एका बैलाच्या मानेवर हात ठेवून तो थांबला, आणि थांबूनच राहिला. भिमाजीला वाटलं, राहू द्यावं घटकाभर.

"दादा," राहीबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "चला लवकर. माझं माणूस आत हाय."

सहादेवनं दावं टाकलं आणि तिच्यामागं चालू लागला.