बाजेवरची राही

"खोटं बोलतोस डाक्टरा! विचारलंय त्याचं उत्तर दे. आजचा दिस काढते का नाय मी?"

राहीआजी धापा टाकत होती, पण जिभेची धार गेली नव्हती. डॉक्टर आगाशे कानातली नळी काढत हसले. "पुष्कळ दिवस आहेत अजून, आजी."

"माझ्याकडं बघून सांग."

त्यांनी बघितलं नाही. मरणाऱ्याला मरण सांगायचं नसतं, हा त्यांचा नेम. शिकलेली माणसं भित्री असतात, ती अशी.

सून मथुरेने कोपऱ्यातली जमीन सारवून ठेवली होती. ओल्या शेणाचा वास घरभर भरला होता. माणूस जायला लागला की त्याला भुईवर घ्यायचं. बाजेवर गेला तर जीव बाजेच्या काथ्यातच गुंततो, हे मालगुंडात शेंबडं पोरही सांगेल.

"खाली घेऊ का हो त्यांना?" मथुरेने हळूच विचारलं.

"मुळीच हलवायचं नाही! काळीज थांबेल. खुळचट समजुती तुमच्या!"

"काळीज माझं, का तुझ्या बापाचं?" म्हातारी कडाडली. "एवढंच मागते मेल्या. वेळ आली की सांग, नि मला खाली ठेव."

"सांगेन. पण आज नाही ती वेळ."

राहीआजीने डोळे मिटले. भर दुपारी आभाळ काळवंडलं होतं. समुद्राची गाज पार उंबऱ्याशी आल्यासारखी वाटत होती. मथुरा गरम पाणी आणायला आत गेली. डॉक्टरांनी सहज मनगट धरलं...

नाडी नव्हती.

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. आता सुनेला सांगायचं काय? "मथुराबाई, लवकर या! धुगधुगी आहे. भुईवर घ्या."

दोघांनी तिला उतरवलं. मथुरेने तोंडात पाणी सोडलं, ते गालावरून ओघळलं.

"भुईवर गेल्या ना हो, डॉक्टर?"

"हो... भुईवरच."

डोळे पुसत ती शेजाऱ्यांना बोलवायला गेली. आगाशे घाईघाईने बॅग आवरू लागले. तोच पाठीमागे काथ्या करकरला, कुणी कुशीवर वळावं तसा. बाज रिकामी होती. पण वजन उतरलं तरी मधला झोळ तसाच होता, आणि तो हळूहळू खालीवर होत होता... धाप लागल्यासारखा.

"आजी, मी..." आगाशे बॅग छातीशी धरून मागे सरकले. "तुमच्या भल्यासाठीच..."

"कुडी उतरवलीस रे डाक्टरा," राहीआजी बाजेवरून म्हणाली, "आता मला कोण उतरवणार?"