पहिली वही

सोमवारी सकाळी एमोस टली आपल्या खेळात गाणाऱ्या चार पोरांचं लटांबर घेऊन ड्युलुथच्या थिएटरात शिरला, तेव्हा रंगमंचाच्या कडेला एक वही आधीच ठेवलेली होती. व्हॉडव्हिलच्या नाच-गाण्याच्या खेळांत तालमीचा नियम सगळीकडे एकच. आल्याबरोबर आपल्या गाण्यांची वही कडेला ठेवायची. ज्याची आधी, त्याची तालीम आधी. आणि दोघांकडे एकच गाणं निघालं, तर आठवडाभर ते पहिल्याचं.

नेमकं तेच झालं. पोरं खेळाचा शेवट ज्या गाण्यानं करायची, ते एका गायिकेनं आधीच मांडलं होतं. शेवट नसेल तर गाशा गुंडाळा, असं मॅनेजरनं सरळ सांगितलं.

पियानोवर इंगा सॉल्बर्ग बसली होती. सात वर्षं ती इथं वाजवत होती. दर सोमवारी नवी माणसं यायची, गोड बोलायची आणि रविवारच्या गाडीनं निघून जायची. मागं वळून कुणी बघायचं नाही. आपल्याला सवय झालीय, असं ती सांगायची. सवय कसली, रविवार तिला खायला उठायचा.

तिनं टलीची वही चाळली. मागं दोन सुटी पानं होती, हातानं लिहिलेली.

“हे कुणाचं?”

“माझंच,” टली ओशाळून म्हणाला. “अकरा प्रकाशकांनी परत पाठवलंय.”

“मग बारावी मी. बसा इथं... पानं उलटायला.”

तासाभरात गाणं पोरांच्या ओठांवर बसलं, आणि खेळाला शेवट मिळाला. टलीकाका पान चुकीच्या वेळी उलटतात, कारण ते पानाकडे बघतच नाहीत, अशी तक्रार पोरांतल्या सात वर्षांच्या पर्लनं केली. इंगाचे कान लाल झाले. आठवडाभर तो रोज पानं उलटायला बसला, आणि रोज चुकला.

रविवारी सकाळी वही पियानोवरच दिसली. कलाकार एक वेळ टोपी विसरेल, वही विसरत नाही. इंगा बर्फातून स्टेशनकडे धावली.

“विसरलात?”

“नाही. नुसता निरोप द्यायला तुम्ही आला नसतात.”

“आणि आलेच नसते तर? उद्या पोरांनी काय गायचं होतं?”

त्यानं मान खाली घातली. “मला तुम्ही फार आवडता, इंगा... बाकी काही सुचलंच नाही.”

तिला राग आला होता, आणि रडूही. तिनं वही त्याच्या हातात दिली. त्यानं ती उघडली. मागची दोन पानं नव्हती.

“माझं गाणं?”

“पुढच्या गावात तुमचं जुनं गाणं मोकळं असेल. हे इथंच राहील. एप्रिलमध्ये तुमची फेरी इथूनच परत जाते ना? तेव्हा मागा.”

गाडी हलली. वळण येईपर्यंत तो दारात उभा राहून मागं बघत होता.

दुसऱ्या दिवशी इंगा सगळ्यांच्या आधी आली आणि ती दोन पानं रंगमंचाच्या कडेला ठेवून पियानोवर बसली. मग एकेक करून नव्या वह्या त्यांच्या मागं लागल्या.

“हा कोण पहिला?” मॅनेजरनं विचारलं. “दिसत तर नाही कुठं.”

“यायचाय,” इंगा म्हणाली. “पण नंबर त्याचाच.”