पलीकडच्या मशीनवरची ताई

ज्यांना ही थाप वाटेल, त्यांना खुशाल वाटो. माझी मावसबहीण मेघना थापा मारणाऱ्यांतली नाही.

साल १९९८. बारामतीत, जळोचीच्या बाजूचं एक कॉलेज.

मेघना इंदापूरची. बारावीला नाव काढलेली पोर. इथं मात्र सगळं इंग्रजीत... पहिल्याच चाचणीत आपटली. मेसचं ताट समोर यायचं आणि तसंच परत जायचं. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून धाडलेलं, त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?

अशा पोरींसाठी कॉलेजात एक नवी टूम निघाली होती. नव्या पोरीनं लॅबमधल्या कॉम्प्युटरवर बसायचं. भिंतीपलीकडच्या खोलीत एक सीनियर. मधे नुसती वायर. नावं सांगायची नाहीत, म्हणजे मन मोकळं होतं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं.

मेघनाच्या ताईनं पहिल्याच दिवशी विचारलं,

"जेवलीस का?"

मेघना तिथंच ढसाढसा रडली.

ताई रोज भेटायची. कधी कंटाळली नाही, कधी रागावली नाही. मेघना जेवायला लागली, पासही झाली.

तिच्या खोलीतली राजलक्ष्मी मात्र मुकी होत चालली होती. पणदऱ्याच्या बागायतदाराची लेक. घर एसटीनं जेमतेम अर्ध्या तासावर, पण अभ्यास व्हावा म्हणून वडिलांनी हट्टानं होस्टेलला ठेवलेली. काही विचारलं की, "बरी हाय मी," एवढंच. तीही लॅबला जायची, सकाळी. मेघनाला वाटायचं, सांगत असेल तीही कुणाला तरी.

माघातली दुपार होती.

मेघनानं घरून शेंगदाण्याचे लाडू आणले होते. ताईला आपल्या हातानं द्यायचे, मग नियम गेला खड्ड्यात! तिनं टाइप केलं, "ताई, मी पलीकडं येतेय."

उत्तर नाही.

पण भिंतीपलीकडं कीबोर्ड वाजत होता... टक... टक...

मेघना उठून त्या खोलीच्या दाराशी गेली. आत धूळ जाऊ नये म्हणून लॅबबाहेर चपला काढायचा दंडक होता. आत कोण आहे ते चपलांवरूनच कळायचं.

त्या दाराशी एकही चप्पल नव्हती.

दाराला कुलूप होतं.

आणि आत... टक... टक... टक...

तेवढ्यात शिपाई सोपानतात्या आले.

"काय गं, हितं कुणाला शोधतीस?"

"सीनियर ताईला."

"कुठली ताई? त्या पोरी दिवाळीपास्नं फिरकल्या न्हाईत. मशीनबी पुण्याला दुरुस्तीला गेलंय. खोली रिकामी हाय."

आतला आवाज थांबला.

मेघना मनात महिने मोजू लागली. आज माघ... मग दिवाळीपासून ती बोलत होती कुणाशी?

ती कशीबशी आपल्या मशीनपाशी आली. पडद्यावर नवी ओळ होती.

"कालव्यावर जा. राजलक्ष्मी तिथं आहे."

मेघना अनवाणीच कॉलेजमागच्या कालव्याकडं पळाली. बाभळीचे काटे मोडले, तेही कळलं नाही.

शेतीच्या पाण्याची पाळी सुटली होती. कालवा काठोकाठ भरलेला. आणि राजलक्ष्मी पायरीवर, कमरेइतक्या पाण्यात... अगदी स्वस्थ उभी. जणू कुणाची वाट बघतेय.

मेघना पाण्यात उतरली. वेणी धरून तिला ओढलं. काठावर आणून एक मुस्काटात ठेवली आणि मग गच्च मिठी मारली.

"का गं असं? मला एका शब्दानं तरी सांगायचंस!"

राजलक्ष्मीचे दात वाजत होते.

"ताईनंच हितं बोलवलं मला... मशीनवर. मी तवाच पाण्यात गेली असती. पर ती म्हणली, घाई करू नगंस. मेघनाबी येतीय. दोघी मिळून या."

राजलक्ष्मी आज पणदऱ्यात आहे, सुखरूप. ऐकणारे म्हणतात, ताईनं तिला थांबवून ठेवलं, म्हणून पोर वाचली. मेघना "हो" म्हणते आणि विषय बदलते.

पण परवा माझ्याजवळ ती एक बोललीच.

त्या दिवशी राजलक्ष्मी थंडीनं कुडकुडत होती. मेघनाला मात्र ते पाणी कोमट लागलं होतं... ऐन माघात. इतकं सुखाचं, की क्षणभर तिलाही बाहेर यावंसं वाटलं नव्हतं.