मास्तरणीच्या पोटातले पांढरे ठिपके

मामीच्या खुराड्यात सात कोंबड्या, दाण्यांच्या दोन थाळ्या, पाण्याचं एक भांडं आणि बारीक खड्यांची एक वाटी होती. चिमटीने सकाळी दार उघडलं, तेव्हा बाहेर आल्या सहाच कोंबड्या.

"एक गेली!" भोंगा ओरडला. तो चिमटीचा धाकटा भाऊ. हळू बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. "मुंगसाने नेली! मी म्हणत होतो ना!"

"आणि जाताना बाहेरून कडी लावून गेलं होय रे तुझं मुंगूस?" कुंपणावरून आवाज आला. तो शेजारचा लंबू. वर्षभरात तो इतका वाढला होता की त्याला आता कुंपणावर चढावं लागत नसे, नुसतं वाकलं की झालं.

चिमटीने आत डोकावलं. सातवी कोपऱ्यात उभी होती. मास्तरीण! खुराड्यातली सगळ्यांत दांडगी. दाणे टाकले की आधी ती खाणार, मग बाकीच्या. मध्ये कुणी चोच घातली की टाळक्यात टोला ठरलेला! पण आत्ता ती पिसं फुलवून, शेपटी पाडून, डोळे अर्धवट मिटून भिंतीला टेकली होती.

 चिमटीला हे अगदीच नवीन नव्हतं. परवा मास्तरीण दाण्यांकडे सगळ्यांत शेवटी आली होती. काल तर दुसऱ्याच कोंबडीने तिच्या टाळक्यात टोला हाणला होता. चिमटीने ते पाहिलं होतं. पण ओढ्यावर तराफा बांधायचा होता, लंबू दोरी घेऊन ताटकळत होता, आणि 'उद्या बघू' असं म्हणून ती पळाली होती.

मामी बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. निघताना तिने खुराड्याची किल्ली चिमटीच्या मुठीत ठेवली होती. "माझ्या पोरी तुझ्यावर सोपवून चाललेय हं!"

चिमटीने मास्तरणीला उचललं आणि तिचे हातच दचकले. कोंबडी केवढी हलकी! वरून नुसता पिसांचा फुगारा. खाली छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागत होतं. तुरा फिकट पडला होता. गळ्याखालची दाण्यांची पिशवी रात्रभरात रिकामी व्हायला हवी, ती फुगलेलीच होती. आणि ती जिथे उभी होती तिथे खाली हिरवीगार विष्ठा.

"शी!" भोंगा म्हणाला.

"शी काय? नीट बघ. रंग लक्षात ठेव, डॉक्टर विचारतील." दिसेल ती वस्तू चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेल्याशिवाय तिला चैन पडत नसे, म्हणून तर तिला 'चिमटी' हे नाव पडलं होतं.

घराच्या पुढच्या बाजूला मामाचं गॅरेज होतं. गाड्यांचे गळके रेडिएटर उतरवायचे, वितळलेल्या धातूचे डाग देऊन भोकं बुजवायची, हा त्याचा धंदा. मुलं धावत तिथे गेली.

"मामा, मास्तरीण खूप आजारी आहे!"

"उकाड्याने मलूल झाली असेल. पाणी पाज." मामाने मान वर केली नाही.

"बाकीच्या सहाजणींना उकडत नाही का?"

"अगं, कोंबडीला कुणी डॉक्टरकडे नेतं का? शेजारीपाजारी हसतील!"

"मामा, शेजारी मीच आहे," लंबू म्हणाला. "मी नाही हसणार."

दहा मिनिटांत एका खोक्याला भोकं पाडून, आत जुना टॉवेल अंथरून, मास्तरणीची स्वारी लंबूच्या सायकलच्या कॅरिअरवर निघाली.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिला आधी काट्यावर ठेवलं, मग चोच उघडून पाहिली. "कधीपासून अशी आहे?"

"आज सकाळ..." चिमटी अडखळली. तिचे कान तापले. "नाही. परवापासून. मला दिसलं होतं."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चिमटीला वाटलं. "कोंबड्या दुखणं लपवतात," त्या म्हणाल्या. "अशक्त दिसलं की कळपातल्याच टोचतात ना! लपवता येईनासं होतं, तोवर दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. चला, एक्स-रे काढू."

थोड्या वेळाने त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. "कोंबडीला दात नसतात. ती खडे गिळते आणि पोटातल्या पेषणीत त्यांच्यावर दाणे भरडते. हे करडे दिसतात ते खडे. आणि हे बघा!"

करड्या खड्यांमध्ये चौदा लख्ख पांढरे ठिपके होते.

"धातू आहे हा. काय खाल्लं हिने?"

"ताई देते तेच खाते ती!" भोंग्याने अख्ख्या दवाखान्याला सांगितलं.

चिमटीला एकदम आठवलं. खड्यांची वाटी! मामीने भरून ठेवलेले खडे गेल्या आठवड्यात संपले होते. कोंबड्यांना खडे लागतात हे चिमटीने पुस्तकात वाचलं होतं, आणि ते आपल्याला माहीत आहे याची तिला मोठी ऐट होती. गॅरेजमागच्या ढिगाऱ्यातली बारीक खडी आणून तिने वाटी भरली होती. एवढंच नाही, तर मास्तरणीला चकचकीत वस्तू आवडतात म्हणून त्यातले गोल चकाकते दाणे एकेक वेचून वर मांडले होते.

गप्प बसलं तर? कुणालाच कळणार नव्हतं. तिने खोक्यातल्या मास्तरणीकडे पाहिलं.

"मी दिले," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

"बरं झालं सांगितलंस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता नीट ऐक. ते लोखंड असेल तर निभावेल. शिसं असेल तर विष आहे. रक्त तपासायला बाहेरगावी पाठवावं लागतं, उत्तर यायला आठवडा जातो. एवढा वेळ हिच्याकडे नाही. आणि शिशावरचं इंजेक्शन उगाच टोचता येत नाही, मूत्रपिंडांना जड जातं. मला कळायला हवं, तो धातू कोणता."

त्यांनी मामाला फोन लावला. "शिसं? माझ्या गॅरेजात?" मामाचा आवाज बाहेरपर्यंत आला. "छे छे! आम्ही डाग द्यायला बिनशिशाचीच तार वापरतो!"

"चला!" चिमटी उठली. मास्तरणीला डॉक्टरबाईंकडे सोडून तिघं परत सुटली.

ढिगाऱ्यातली ओंजळभर खडी थाळीत घेऊन, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, चिमटीने ती पाण्यात गोल गोल हलवली. माती वाहून गेली, हलके खडे कडेला गेले, आणि तळाशी जड, चकाकते दाणे उरले. लंबूने मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणलं. लोखंडाचा कीस पटकन चिकटला. गोल दाणे हललेसुद्धा नाहीत!

"लोखंड नाही!" भोंगा नाचला. चिमटीने एक दाणा खिळ्याने दाबला, तो लोण्यासारखा कापला गेला. कागदावर ओढला, तर पेन्सिलीसारखी करडी रेघ.

"शिसंच! सुटलं कोडं!" भोंगा ओरडला.

"थांब रे. कथीलही मऊच असतं, आणि चुंबकाला चिकटत नाही. शिसं आहे असं वाटतंय, पण वाटून चालणार नाही." चिमटीने खिळा खाली ठेवला. "मला आठवडाभर असंच वाटत होतं की मी तिचं भलं करतेय."

लंबूने डोकं खाजवलं. मग तो संथ पावलांनी गॅरेजात शिरला. "मामा, बाजारात लोक म्हणतात, तुमचे डाग टिकत नाहीत."

"कोण म्हणतो?" मामा ताडकन उठला. "माझा डाग? दहा वर्षं हलत नाही!"

"त्या बिनशिशाच्या तारेने कसा टिकेल, म्हणतात."

"ती तार गिऱ्हाइकाला दाखवायला रे! हे बघ!" मामाने फळीखालून एक काळपट लगड काढून ठणकन आपटली. "जुन्या बॅटऱ्यांतलं अस्सल शिसं! त्यात थोडं कथील! म्हणावं, आणा असा डाग..."

तो थांबला. दारात चिमटी उभी होती. तिच्या तळहातावर चकाकते दाणे होते.

"मामा, खाली सांडतं ते कुठे टाकतोस?"

"झाडून... मागच्या ढिगाऱ्यावर," मामा म्हणाला. "खडीत काय, मला वाटलं, खपून जातं." तो स्टुलावर बसला. "म्हणजे विष मीच टाकलं."

"आणि वाढलं मी," चिमटी म्हणाली.

मामाने हात खसखसून धुतले आणि टेम्पोची किल्ली घेतली.

डॉक्टरबाईंनी त्याच दुपारी मास्तरणीला गुंगी दिली, नळीने पेषणी धुऊन दाणे बाहेर काढले आणि पहिलं इंजेक्शन दिलं. "जगेल असं वचन देत नाही," त्या म्हणाल्या. "पण आता लढता येईल. बाकीच्या सहाजणींचं रक्तही तपासू. आणि कुणाचंच अंडं खायचं नाही, सांगेपर्यंत."

मामाने खुराड्यातल्या वाटीतली खडी ढिगाऱ्यावर रिती केली, ढिगारा झाकला आणि विषारी कचरा नेणाऱ्यांना बोलावून शेवटच्या खड्यापर्यंत उचलायला लावला. मास्तरीण घरात, दिव्याच्या उबेत, वेगळ्या खोक्यात राहिली. चिमटी तिला बिनसुईच्या सिरिंजने पातळ पेज भरवी. चोचीच्या कडेने एकेक थेंब, घाई केली की श्वासात जाणार. लंबू हाका मारून थकला, पण ती ओढ्याकडे फिरकली नाही. शेवटी लंबूच सिरिंज धुवायला येऊ लागला, आणि भोंगा त्या खोलीत कुजबुजायला शिकला.

मामी परतली, तेव्हा तिने पिशवी खाली ठेवायच्या आत चिमटीने सगळं सांगितलं. खड्यांचं, चकाकत्या दाण्यांचं, 'उद्या बघू'चंही.

इंजेक्शन द्यायला आलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तरी पोरं हुशार हो तुमची! धातू ओळखून आणला, म्हणून उपचार वेळेवर झाला."

"मीही शिकलो," मामा म्हणाला. "नवी तार आणलीय. आणि पोरांनी मला कसं बोलतं केलं, ते मला अजून समजलं नाहीये!"

सगळे हसले. चिमटी नाही. "वेळेवर नाही झाला," ती म्हणाली. "दोन दिवस उशिरा."

मामीने तिला जवळ घेतलं नाही, की 'जाऊ दे' म्हटलं नाही. खोक्यापाशी ती तिच्या शेजारी बसली. "हो, उशीर केलास. आणि खरंही तूच सांगितलंस. दोन्ही माझ्या लक्षात राहील. आता सांग, हिला पुढची पेज कधी?"

"पेज नाही. आज डॉक्टरबाईंनी दाणे ठेवायला सांगितलेत. खाते का बघायला."

संध्याकाळी मामीने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. चिमटीने खोक्यातली वाटी अलगद उचलून त्यावर ठेवली. सकाळी तिने वाटीत तीस ग्रॅम दाणे मोजून घातले होते. वाटीचं वजन वजा करून उरले अकरा ग्रॅम.