सहा वाजून दहा मिनिटांचं रक्त

रक्त तपासायच्या खोलीत माझी बावीस वर्षं गेली. तिथे चिठ्ठ्या चुकतात, झाकणं गळतात, मशिन रुसून बसतं. त्यामुळे विचित्र काही दिसलं की आधी माणसाची चूक शोधायची, ही माझी सवय.

त्या वर्षी आमच्याकडे एक अभ्यास चालू होता. हृदयाच्या ऑपरेशननंतर काही जणांची मूत्रपिंडं दगा देतात. नेहमीच्या तपासणीत ते कळेपर्यंत दीड-दोन दिवस जातात. रक्तातलं एक प्रथिन मात्र काही तासांतच वाढायला लागतं. ऑपरेशन झाल्यावर घेतलेल्या रक्तात ते मोजायचं, एवढंच माझं काम. आमच्या अभ्यासापुरतं दीडशेच्या आत म्हणजे निवांत.

त्या मंगळवारी माझ्या काकांचं ऑपरेशन होतं. आई-वडील गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. पेशाने शिंपी. माझा पहिला पांढरा कोट त्यांनीच शिवला, आणि खिसा मुद्दाम खोल ठेवला, कारण मी पेनं हरवते. सोमवारी हृदयाच्या नळ्यांचा फोटो काढायला त्यांना डाय टोचली होती; तिचाही मूत्रपिंडांवर ताण येतो. ऑपरेशनला दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ मिळाली.

पावणेनऊला मी ट्रे उघडला. सात बाटल्या होत्या. सातवी काकांची. नाव, वय, नोंदणी क्रमांक, सगळं बरोबर. तारीख आजची. वेळ मात्र संध्याकाळी सहा दहा.

छपाईचा घोळ, असं म्हणत मी ती मशिनला लावली. आकडा आला अकराशे चाळीस. पुन्हा लावली. अकराशे अडतीस.

वॉर्डात फोन केला. सिस्टरनी उचलला.

"काकांचं रक्त आज कुणी घेतलं?"

"कुणीच नाही. शेवटचं काल दुपारी. आत्ता त्यांच्या छातीवरचे केस काढतायत, नुसती कुरकुर चाललीय."

मग दुसऱ्या कुणाचं रक्त असणार. मी गट तपासला. बी निगेटिव्ह, काकांचाच. त्या आठवड्याच्या ऑपरेशनच्या यादीत या गटाचं दुसरं कुणी नव्हतं. हिमोग्लोबिन आठ निघालं. काल काकांचं साडेतेरा होतं. हृदय-फुप्फुसाच्या मशिनवर घेतलेल्या, ऑपरेशन होऊन गेलेल्या माणसाचं रक्त असं पातळ असतं.

मी बाटली तळहातावर धरली. ती अजून कोमट होती.

दोन्ही कागद घेऊन मी तडक भूलतज्ज्ञ बाईंकडे गेले. ऑपरेशन थिएटरच्या दारात त्या टोपी बांधत होत्या.

"रिपोर्ट कुणाचा?"

"नाव काकांचं आहे."

"आणि रक्त?"

"ते मला सांगता येत नाही, मॅडम."

त्यांनी वेळेचा आकडा दोनदा वाचला. माझ्याकडे पाहिलं. मी वेड्यासारखी दिसत असणार.

"डाय कधी दिली?"

"काल. अकरा वाजता."

"चोवीस तासही झाले नाहीत." त्या स्वतःशीच बोलल्या. "घाई करण्यासारखं त्यांना काही नाहीये. तुमचा हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. पण डायचं कारण मला पुरेसं आहे. मी सर्जनशी बोलते."

ऑपरेशन चार दिवस पुढे गेलं. तोवर मूत्रपिंडांना विश्रांती द्यायची, सलाईन चालू ठेवायचं, दुखण्याच्या दोन गोळ्या बंद करायच्या. काका माझ्यावर उखडले. "फुकट छाती भादरून घेतली," म्हणाले.

त्या संध्याकाळी मी बाटली समोर ठेवून बसले. खिडकीतून ऊन येत होतं. शेजारच्या टेबलावर दोघी जणी सुट्टीवरून हुज्जत घालत होत्या.

सहा वाजून नऊ मिनिटं.

मी डोळे मिटले नाहीत. मान वळवली नाही.

सहा दहा.

बाटली रिकामी होती.

आत थेंब नव्हता, डाग नव्हता. चिठ्ठी कोरी होती. मी बाटली उजेडात धरली, हुंगली. नव्या प्लास्टिकचा वास येत होता. मशिनच्या यादीत एक्केचाळीसनंतर एकदम चव्वेचाळीस होतं; मधल्या माझ्या दोन तपासण्या नव्हत्याच.

शनिवारी ऑपरेशन झालं. सहा तासांनी काकांचं रक्त मी स्वतः काढलं, स्वतः खाली नेलं. मशिन नऊ मिनिटं घेतं. तेवढ्या वेळात मी खुर्चीवर टेकलेसुद्धा नाही.

अठ्ठ्याऐंशी.

जिना चढताना मला हसू आवरत नव्हतं. खाटेजवळ पोचले, तेवढ्यात काकांनी डोळे उघडले. घशात नळी, बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि माझं बोट घट्ट धरलं. दुसऱ्या दिवशी लघवी भरपूर झाल्याचं सिस्टरनी सांगितलं, तेव्हा भूलतज्ज्ञ बाई मला म्हणाल्या, "इतक्या आनंदाने ही बातमी ऐकणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

आठव्या दिवशी मी त्यांना घरी नेलं. गाडीत काका खुशीत होते. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा मध्येच म्हणाले, "ठमे, दुसऱ्यांदा शुद्धीवर आलो तेव्हा तू हसत होतीस. बरं वाटलं बघ."

"दुसऱ्यांदा?"

"पहिल्यांदा रडत होतीस ना. रक्ताची बाटली हातात धरून. एकसारखी तेच म्हणत होतीस, सकाळी कळायला हवं होतं."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला.

काका एकदाच शुद्धीवर आले होते.

"आणि मंगळवारी कुठे ऑपरेशन झालं?" काका काच खाली करत म्हणाले. "पण तेव्हा मी खुणेने वार विचारला, तर तू मंगळवारच सांगितलास."