वाचासेतूची गवसणी

दस्तगीरभाईंनी एकतिसावा तानपुरा पास केला, तेव्हा नसीमाची खात्रीच पटली की अब्बांच्या डोक्यात बसून दुसरंच कुणीतरी बोलतंय.

मिरजेतल्या त्या कारखान्यात, म्हणजे दोन खोल्या आणि आढ्याला टांगलेले भोपळे, एक जुना रिवाज होता. तानपुरा तयार झाला की तो दस्तगीरभाईंच्या पुढ्यात आणायचा. ते डोळे मिटून चारी तारा छेडणार आणि एकच शब्द बोलणार. 'पाठवा' म्हणाले तर तो गिऱ्हाइकाकडे जायचा. 'उतरवा' म्हणाले तर तारा उतरवून जवारी पुन्हा लावायची. जवारी म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा, की तार त्याला नुसती चाटून जावी आणि आवाजाला गुंजन यावं. केसभर जास्त घासलं की आवाज मेलाच. दहातले चार तानपुरे तरी उतरवले जात. आणि नसीमानं लावलेली जवारी तर वीस वर्षांत एकदाही पहिल्या फेरीत पास झाली नव्हती. तिचे हात चांगले होते, चिकाटी होती, पण अब्बांच्या तोंडून 'पाठवा' काही निघत नव्हतं. कौतुक करणं हा त्यांच्या मते गिऱ्हाइकाचा धंदा होता.

मग २०६१ साली त्यांना मेंदूचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि कानांना ऐकू आलेलं मेंदूला उमगेनासं झालं. अशा माणसांसाठी तोवर वाचासेतू निघाला होता. कानामागे कातडीखाली चिंचोक्याएवढी चकती बसवतात. बोलायचा विचार मेंदूत उमटला की चकती तो टिपते आणि गळ्यापाशी लावलेल्या छोट्या स्पीकरमधून त्या माणसाच्याच आवाजात बोलते. उलट दिशेनं, बाहेरचा आवाज पकडून ती थेट मेंदूला पोचवते. बोलणं आणि ऐकणं, दोन्ही एकाच पुलावरून.

सेतू बसवून अब्बा घरी आले आणि नसीमानं लावलेला पहिलाच तानपुरा छेडून म्हणाले, "वा! छान जमलंय. पाठव."

नसीमा आत जाऊन पोटभर रडली. आनंदानंच. दुसऱ्या तानपुऱ्यालाही 'छान' आलं, तेव्हा तिनं शेजारी शिरखुर्मा वाटला. पाचव्यापासून मात्र तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली. आठ महिन्यांत एकही तानपुरा उतरवला गेला नाही. धारवाडच्या एका गायिकेनं दोन तानपुरे परत धाडले, सोबत चिठ्ठी: 'आवाज बंद आहे, गुंजन नाही. दस्तगीरभाईंनी हे ऐकलेत का?' तेव्हा नसीमानं एक वाईट गोष्ट केली. एकतिसाव्या तानपुऱ्याची घोडी तिनं मुद्दाम तिरकी बसवली, पंचमाची तार सैल सोडली आणि तसाच तो अब्बांच्या मांडीवर ठेवला.

"वा!" अब्बा म्हणाले. "पाठव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सेतू बसवणाऱ्या वाणी केंद्रात जाऊन बसली. सेतूचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या डॉ. सुनंदा तारळेकर स्वभावानं सज्जन होत्या, पण सरळ प्रश्नाला आधी चहा मागवायची त्यांना सवय होती.

"चहा नको मला," नसीमा म्हणाली. "आमचे अब्बा असं बोलणारे न्हाईत. तुम्ही आत काय घातलंय ते सांगा."

तारळेकरबाईंनी चष्मा काढून पुसला. "सेतूचा गाभा सी नावाच्या भाषेत लिहिलाय. संगणकाची जुनी भाषा, नव्वद वर्षांची. तिच्यात प्रोग्रॅम स्वतः काही लिहीत नाही की वाचत नाही. बाहेर काही द्यायचं असेल तर त्यासाठी तयार फंक्शन असतं, त्याच्या हातात द्यायचं. आत काही घ्यायचं तर दुसरं फंक्शन."

"मग?"

"ही फंक्शनं भाबडी असतात. मिळेल ते पोचवतात, आणि चुकलं तर 'चुकलं' म्हणून एक आकडा परत करून मोकळी होतात. तो आकडा दर वेळी कोण तपासणार? म्हणून प्रोग्रॅमर काय करतो, त्या फंक्शनाभोवती स्वतःचं एक फंक्शन गुंडाळतो. बाकीचा प्रोग्रॅम या बाहेरच्यालाच हाक मारतो. आत चूक झाली तर ते पुन्हा प्रयत्न करतं. तरी जमलं नाही तर आपल्या समजुतीनं काहीतरी बरं उत्तर देतं. मागणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आम्ही त्याला गवसणी म्हणतो."

"गवसणी आम्हाला नका शिकवू, डॉक्टर. आम्ही तानपुऱ्याला घालतो ती कापडी खोळ. पण वाजवताना काढतात ओ."

तारळेकरबाई जरा ओशाळल्या. मेंदूतून कच्चं बोलणं येतं ते तुटकं, शिव्या मिसळलेलं, कधी फार बोचरं, असं त्यांनी सांगितलं. घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून गवसणी ते जरा मऊ करते.

"म्हणजे अब्बा 'उतरव' म्हणतात, आणि तुमची गवसणी 'छान' म्हणते?"

"शक्यता आहे," बाई म्हणाल्या.

"काढून टाका."

"विचार करा. काय काय ऐकावं लागेल सांगता येत नाही."

"वीस वर्षं ऐकलंय. त्यावरच तर शिकत होते मी," नसीमा म्हणाली. "डॉक्टर, अब्बा सत्तरीच्या पुढं गेलेत. त्यांचा हात चालत न्हाई, आता कान तेवढा उरलाय. ते 'न्हाई' म्हटले तरच मला कळणार कुठं चुकतंय ते. उद्या ते गेले की मी कुणाला विचारू?"

मंगळवारी ती अब्बांना आणि तो तिरक्या घोडीचा तानपुरा घेऊन केंद्रात आली. बाईंनी पडद्यावर काही ओळी बदलल्या. क्षणभर स्पीकर खरखरला.

"खुर्ची... कसली भिकारडी खुर्ची... टोचतीय," दस्तगीरभाई म्हणाले. "ही चष्मेवाली... काय बघतीय माझ्याकडं?"

"हेच आमचे अब्बा!" नसीमाला हसूच फुटलं. तिनं घाईघाईनं तानपुरा त्यांच्या मांडीवर आडवा ठेवला. त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हातानं तारा छेडल्या. उतरलेला पंचम खोलीभर रेकला. तारळेकरबाईंनासुद्धा तो खटकला.

"छान," दस्तगीरभाई म्हणाले. "छान... जमलंय. पाठव."

नसीमाचं हसू विरलं. शब्द तर त्यांचेच होते. मग बिघडलं कुठे? तिनं बाईंकडे पाहिलं, आणि बाईंचा चेहरा पाहून तिचा संशय पुन्हा जागा झाला.

"काय लपवताय?"

बाईंनी तिला दाराशी नेलं. "लपवत नव्हते. माझ्याच लक्षात यायला हवं होतं. आत येणाऱ्या बाजूलाही गवसणी आहे. कानाकडून आलेला आवाज अपुरा किंवा शंकास्पद वाटला, तर ती नमुन्यावरून तो पुरा करते. सेतू बसवताना आम्ही तुमच्याकडून ओळखीचे आवाज मागितले होते, आठवतं?"

नसीमाला आठवलं. घरच्यांची बोलणी, अजान, कुकरची शिट्टी. आणि अब्बांनी ऐन उमेदीत लावलेल्या एका तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग, तेही तिनंच हौसेनं दिलं होतं.

बाईंनी नोंदी उघडल्या. एकतीस तानपुऱ्यांचा बाहेरचा आवाज वेगवेगळा होता, आणि मेंदूला दर वेळी एकच पोचला होता. दस्तगीरभाई आठ महिने स्वतःचाच तानपुरा ऐकत होते आणि तो लेकीचा समजून खूश होत होते.

 नसीमाच्या पहिल्या तानपुऱ्याचं कौतुक, तो शिरखुर्मा, सगळंच तिला आता शरमेचं वाटायला लागलं. तरी ती म्हणाली, "तीपण काढा."

दुसरी गवसणी निघाली तसे दस्तगीरभाई दचकले. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे भोंगे, सगळं एकदम अंगावर आलं असावं. नसीमानं त्यांचा हात धरून तारांवर ठेवला. त्यांनी छेडलं, आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"यंत्र बिघडलं," ते तारळेकरबाईंवर खेकसले. "काय केलंस बाई? नीट कर... आधी नीट कर. माझ्या पोरीची जवारी... असली नसती. मी ऐकलीय. आठ महिने रोज ऐकलीय."

 हो म्हणावं, यंत्रच बिघडलंय म्हणावं, असं नसीमाच्या अगदी ओठांवर आलं. ती त्यांच्या पायांशी बसली.

"अब्बा, यंत्र आत्ता नीट झालंय. आठ महिने बिघडलेलं होतं. तुम्ही ऐकलात तो तानपुरा तुमचा होता, जुना. माझे सगळे असेच झाले. हा तर मुद्दाम वाकडा केलाय, तुमची परीक्षा घ्यायला. मला माफ करा."

 दस्तगीरभाईंनी डोळे मिटले आणि पुन्हा एकेक तार छेडली. पंचमावर त्यांच्या कपाळाची शीर ताडकन उडाली. नसीमा वाट बघत होती. एक शब्द आला की ती तिथंच तारा उतरवणार होती, कानस पिशवीत आणलीच होती.

"बरा हाय," ते म्हणाले. "पाठव."

नसीमानं मान वळवली. "गवसणी परत घातलीत?"

"नाही," तारळेकरबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "दोन्ही बाजू उघड्या आहेत. हे त्यांचंच बोलणं आहे."

"अब्बा," नसीमानं त्यांचा गुडघा हलवला, "उतरव म्हणा की. एकदा म्हणा."

दस्तगीरभाईंनी तारांवर पंजा ठेवून तो रेकणारा पंचम थांबवला.

"कशाला?" ते म्हणाले. "चांगला हाय की."