राहिलेला श्वास

ठिणगी खिडकीत उभी राहून नुकत्याच दुरुस्त केलेल्या सॅक्सोफोनमधून एक सप्तक फुंकत होती. खालून वर, वरून खाली. तेव्हा रस्त्यावर एक माणूस थांबला. धुकं इतकं दाट होतं की दुपारी चार वाजता समोरच्या खांबावरचा दिवा लागला होता. धुक्यात माणसं थांबतातच, वाट चुकतात, मागे वळतात. हा वळला नाही. मान वर, डोळे मिटलेले, हातात काळी पेटी, खांद्यावर खालच्या लाँड्रीतून इस्त्री करून घेतलेला कोट.

"अहो!" ती वरून ओरडली. "वर तरी या, नाहीतर पुढे तरी व्हा! फुकट ऐकायचं, आणि ते पण सप्तक?"

त्याने डोळे उघडले. "पुन्हा वाजवता? एकदाच."

"का? काय चुकलं त्यात?"

"काहीच नाही… म्हणून तर. त्याच्या आधी कुणी श्वास घेत नाही."

असलं वाक्य ऐकल्यावर शहाण्या मुलीने खिडकी लावून घ्यावी. ठिणगीने जाऊन दार उघडलं.

ठिणगी हे नाव मामाने ठेवलेलं. दुकानही मामाचंच. लाँड्रीच्या डोक्यावरची एक लांब खोली, भिंतीवर हुकांना टांगलेली पितळी वाद्यं, तेलाचा आणि तापलेल्या लाखेचा वास. पंधराव्या वर्षापासून ती इथे गळती शोधत होती. तारेला बांधलेला बारीक बल्ब सॅक्सोफोनच्या पोटात सोडायचा, सगळ्या चाव्या दाबून धरायच्या, आणि जिथून उजेड बाहेर सांडेल तिथून हवा जाते असं समजायचं. या कामात थापा मारायला जागा नाही. म्हणून तिला ते आवडायचं. माणसांच्या पोटात बल्ब सोडता येत नाही, हे तिचं दुःख.

जिना चढून तो दारात आला आणि तिने त्याला ओळखलं. ओळखायला काय, गावभर त्याची पोस्टरं होती. जॅझ वाजवणारा, तीन रेकॉर्डवाला, 'शांततेचा वादक'. दोन ओळी वाजवायच्या आणि मग थांबायचं… लोक म्हणे त्या थांबण्यात रडायचे. समीक्षकांनी तर त्या रिकाम्या जागेवर पानंच्या पानं खरडली होती. वाजवलेलं ज्यांना कळत नाही त्यांना न वाजवलेलं फार कळतं.

"अच्छा, मौनीबाबा!" ती म्हणाली. "बोला, काय मोडलंय?"

"मोडलं नाहीये." त्याने पेटी उघडली. जुना सॅक्सोफोन, रंग उडालेला, अंगठ्याची जागा झिजून गुळगुळीत झालेली. "याच्यात कुणीतरी श्वास घेतं."

"कोण?"

"माझे मास्तर. हा त्यांचाच."

"मग त्यांनाच घेऊन या ना."

"ते सहा वर्षांपूर्वी गेले."

कोपऱ्यात ट्रॉम्बोन घासत बसलेला मामा मान वर न करता म्हणाला, "ठिणगे, गेलेल्यांची दुरुस्ती आपण करत नाही. पाटीवर लिहिलेलं नाही का?"

तिने हसत बल्ब आत सोडला, चाव्या दाबल्या. कुठूनही उजेड येईना. सगळं घट्ट. तिने कान जवळ नेला — आणि आत कुणीतरी श्वास घेतला. लांब, सावकाश, छाती भरून. तारेवरचा बल्ब कुणी ओढावा तसा आतल्या बाजूला झुकला. ती श्वास सुटायची वाट बघत राहिली. सुटेना. खाली लाँड्रीतलं यंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं. भिंतीवरच्या तुतारीच्या पितळेवर, मग तिच्या शेजारच्या कर्ण्यावर, वाफेचा एकेक गोल उमटत गेला… आणि ठिणगीच्या ध्यानात आलं, की आपणही अजून श्वास सोडलेला नाही.

त्याने तिचा खांदा हलवला. "सोडा! सोडा म्हणतो ना!"

तिने धापा टाकत टेबल धरलं. मामा उठला, फडक्याने तुतारी पुसली. "हवा दमट आहे," एवढंच म्हणाला, पण दुसऱ्या हाताने त्याने खिडकी उघडली.

"ठेवून जा," ठिणगी म्हणाली. "शोधते."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणून काय काम सोडू?"

मग तो रोज दुपारी यायला लागला. म्हणायला सॅक्सोफोनची चौकशी. बसायचा मात्र तिच्यासमोर. तिने सगळी पॅड बदलली, बुचं बदलली, नळी धुऊन काढली. श्वास आपला तिथेच. ती काम करायची, तो बोलायचा. स्टेजवर मुका असणारा हा माणूस इथे इतका बोलायचा की मामाने एकदा कानात कापूस घातला.

"आई घरी शिवण शिवायची," त्याने सांगितलं. "तिचं मशीन पायाचं. एक पाय तिचा दुखरा, त्यामुळे चाल लंगडी — टक-टाटक, टक-टाटक. पुढे पहिल्यांदा जॅझ ऐकलं तेव्हा वाटलं, अरेच्चा, हे तर आईचं मशीन!"

"आणि बाबा?"

"बाबा अडखळत बोलायचे. मोठा शब्द आला की थांबायचे… सगळं घर श्वास रोखून बसायचं. मग शब्द यायचा, आणि काय यायचा! थांबल्यानंतरच्या शब्दाचं वजन मी त्यांच्याकडून उचललं."

शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, मग एका बोटीवर चार वर्षं जेवणाऱ्या लोकांसमोर सॅक्सोफोन — "चमचे माझ्यापेक्षा मोठ्याने वाजायचे." आणि त्या बोटीवर मास्तर. साठी उलटलेले, तिरकस, दारू नाही, विडी नाही, व्यसन एकच: शिष्याची खोडी काढणं. त्यांनी याला उचललं, शिकवलं, आपल्या शेजारी उभं केलं.

"सगळं मास्तरांचं," तो म्हणाला. "माझ्यात माझं काही नाही."

"आत्ता तर म्हणालास, मशीन आईचं, थांबणं बाबांचं." ती 'तू' वर कधी घसरली ते दोघांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले.

"ते… ते वेगळं."

"वेगळं कसलं, डोंबल! मेलेल्या माणसाचा सदरा घालून फिरतोस, वर म्हणतोस माझा स्वतःचा सदराच नाही."

तो हसला. तो हसला की त्याच्या डाव्या गालावर एक सुरकुती पडायची. आदल्या दिवशी त्या सुरकुतीपायी ठिणगीने एक चावी उलटी बसवली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पाचव्या दिवशी तो आला तेव्हा ओठ निळसर होते.

"परवा चौथ्या रेकॉर्डचं रेकॉर्डिंग आहे," तो म्हणाला. "तुला एक सांगितलं नाही. आधी मी एक आवर्तन थांबायचो. मग दोन. आता मोजायचंच सोडलंय. त्यांनी श्वास घेतला की माझाही आत अडकतो. तो सुटेपर्यंत माझा सुटत नाही. गेल्या कार्यक्रमात मी पडलो. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या… त्यांना वाटलं, हा पण वाजवण्याचाच भाग."

"डॉक्टर?"

"म्हणे, तुम्ही ठणठणीत आहात. आज तर सॅक्सोफोन तुझ्याकडे, आणि मी घरी दाढी करत होतो… तरी झालं." तो हसायला गेला. "परवा सुटला नाही तर रेकॉर्ड फार शांत होईल."

ठिणगी हसली नाही. तिने हातातली हातोडी टेबलावर आपटली. "काय झालं होतं त्या दिवशी? ते गेले तेव्हा? खरं सांग. उजेड कुठून तरी सांडतोच."

तो स्वतःची नखं खरवडू लागला. मग बोलला. मास्तर आणि तो समोरासमोर वाजवत होते, सवाल-जवाब. चार आवर्तनं एकाने वाजवायची, चार दुसऱ्याने. त्याची चार संपली. पुढची मास्तरांची. मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला…

"…आणि मी शिरलो. मोजायला चुकलो. नाही — चुकलो नाही. नशा चढली होती, लोक ओरडत होते, मला थांबवेना. त्यांची चार आवर्तनं मी खाल्ली. ते खुर्चीत टेकले, श्वास तसाच धरून. माझ्याकडे बघत. माझी संपली तेव्हा ते गेलेले होते." तो म्हणाला. "सहा वर्षं त्यांची जागा मोकळी सोडतोय. ते घेतच नाहीत."

भिंतीवरच्या सगळ्या पितळेवर वाफ धरली होती. एकाही वाद्यात आता खोलीचं प्रतिबिंब नव्हतं.

ठिणगीला दया यायला हवी होती. तिला राग आला.

"अरे येड्या," ती म्हणाली, "घेतील कसे? सॅक्सोफोन तुझ्या तोंडात! सहा वर्षं त्यांची जागा मोकळी सोडतोस आणि त्यांचं वाद्य स्वतः अडवून बसतोस! श्वास त्यांनी घेतलाय, पण फुंकायला तोंड कुठलं आणणार? मेलेत ते!"



तिने भिंतीवरून शाळेतल्या मुलांचा एक ठोकळ्यासारखा सॅक्सोफोन काढून त्याच्या हातात कोंबला. मास्तरांचा स्वतः गळ्यात अडकवला.

"तुला काय वाजवता येतं?" त्याने विचारलं.

"सप्तक."

"ठिणगे," मामा पहिल्यांदाच गंभीर आवाजात म्हणाला, "नको पोरी. तुझा अडकला तर?"

तिला माहीत होतं. "मामा, तू मोज," ती म्हणाली. "पाय आपट नीट. आणि हा मध्ये शिरला तर हाण त्याला."

मामाने पाय आपटायला सुरुवात केली. वादकाने वाजवलं — तीच चार आवर्तनं, त्या दिवशी चोरलेली, घाईची, उद्धट, शेवटी जरा घसरलेली. चौथं संपलं. मामाचा पाय चालू. आणि तो श्वास आला. आता सॅक्सोफोनच्या आतून नाही, तिच्या मानेमागून — थंड, म्हातारा, छाती भरून. समोर वादकाचे ओठ निळे पडू लागले. ठिणगीने डोळे मिटले आणि फुंकलं.

एक सूर. तिचाच, कोरडा, दुकानातला. मग दुसरा. दुसऱ्या आवर्तनाला तिची हवा संपली. सूर संपला नाही. छाती रिकामी, पोट पाठीला, आणि पितळ वाजतंय! बोटं तिचीच होती, पण तिने न शिकलेल्या जागी पडत होती. झिजलेल्या त्या खाचेत अंगठा कुणीतरी धरून बसवल्यासारखा बसला होता. अंगावर सरसरून काटा आला. तरी तिने तोंड काढलं नाही.

आणि वाजत काय होतं? कुठली गूढ, स्वर्गीय ओळ नव्हे. तर त्याचीच चार आवर्तनं. त्याचीच घाई, त्याचाच तोरा, वाढवून-चढवून, नाक उडवत, वेडावत. शेवटची घसरण तर अशी ताणली, अशी लोळवली, आणि टोकाला एक असा बेशरम भोंगा वाजवला, की मामा खुर्चीतून उलटाच पडला आणि पडल्यापडल्या खो-खो हसायला लागला.

मग एक उसासा. लांब, मोकळा, समाधानाचा. खिडकीचा पडदा बाहेर फुगला. भिंतीवरची वाफ एकेका वाद्यावरून ओसरली आणि पितळ लखलखलं.

ठिणगीने तोंड काढलं, हवा ओढली, सोडली, पुन्हा ओढली. तिच्या हातात आता फक्त एक जुना सॅक्सोफोन होता.

तो जमिनीवर बसला होता. रडत होता की हसत होता, कळत नव्हतं.

"चिडवणार होते," तो म्हणाला. "म्हातारा मला चिडवणार होता! खुर्चीत टेकून हसत होते ते… आणि मी सहा वर्षं त्याचं देऊळ बांधलं!"

"लोक तिकीट काढून दर्शनाला आले," मामा डोळे पुसत म्हणाला आणि काहीतरी आठवल्यासारखं करून, जिन्याने, लाँड्रीत निघून गेला. त्याला लाँड्रीत काहीएक काम नव्हतं.

ठिणगीने सॅक्सोफोन पुसला, पेटीत ठेवला, कड्या लावल्या. काम झालं होतं. झालेल्या कामाची तिला आजवर कधी भीती वाटली नव्हती. गिऱ्हाईक वाद्य घेऊन जातं, आणि चांगलं दुरुस्त झालेलं वाद्य परत येत नाही.

"परवा काय वाजवणार?" तिने पेटीकडे बघत विचारलं.

"माहीत नाही. आता कुणासारखं वाजवायचं तेच कळत नाही… कदाचित वाईट वाजवीन."

"वाजव. निदान तुझं वाईट असेल."

तो उठला. पेटी उचलली, दाराशी गेला, तिथेच घुटमळला. बाहेर धुकं विरळ झालं होतं. खांबाच्या दिव्याखालून माणसं नीट येत-जात होती.

"ठिणगी… आता यायला काही निमित्त उरलं नाही."

ती वळली. तिचे हात तेलाने काळे होते, केस विस्कटलेले होते.

"हे बघ, मला गोड बोलता येत नाही. तू आलास की माझ्या चाव्या उलट्या बसतात. तू गेलास की मी खिडकीत उभी राहते, आणि ते सप्तकासाठी नाही. तू मला हवा आहेस. रोज हवा आहेस, निमित्ताशिवाय. तुला मी हवी आहे का? नसेन तर तसं सांग आणि जा, पण त्या दारात थांबून—"

"हो," तो म्हणाला. एक मात्राही न थांबता.